मागच्या चाकावर तोल टिकत नाही: ट्रायल्स सायकलवरच्या एका नेहमीच्या दोषाचे निवारण

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या घराच्या अंगणात दर रविवारी सकाळी पाच-सहा मुले ट्रायल्स सायकली घेऊन येतात. नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते: सायकल मागच्या चाकावर उभी करता येते, दोन-तीन उड्याही होतात, पण चौथ्या उडीच्या आत पाय जमिनीला लागतोच. "काका, मला तोलच नाही," असे मुलगा सांगतो आणि सोबत आलेले पालकही तीच समजूत घेऊन उभे असतात. हा दोष मी आधी स्वतःचा आणि नंतर अनेकांचा दुरुस्त केला आहे. 'तोल नाही' हे निदान नसून ती केवळ तक्रार आहे, असे मी त्या अनुभवावरून ठामपणे सांगू शकतो. तिच्यामागे जमीन, हवा, ब्रेक, चेन किंवा कोपर यांपैकी काहीतरी नेमके कारण असते, आणि क्रमाने तपासत गेले तर ते सापडते.

ट्रायल्स हा प्रकार 1970 च्या दशकात स्पेनमधल्या कॅटलोनियात मोटरसायकलवरून सायकलीवर आला आणि 1986 पासून त्याच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होत आहेत. जमिनीला पाय न टेकता अडथळे पार करणे हा या खेळाचा गाभा आहे. एका दगडावरून दुसऱ्या दगडावर झेप घेण्यापूर्वी थांबायचे, दिशा बदलायची आणि अंतर जोखायचे असेल, तर ते सारे मागच्या चाकावर उभे राहूनच करावे लागते. म्हणून हा एक दोष राहिला की पुढचे सगळे शिक्षण अडते.

येथे एक मूलभूत गोष्ट आधी सांगितली पाहिजे. ब्रेकने जखडलेल्या मागच्या चाकाचा टायर जमिनीला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो, आणि त्या जागेवर पुतळ्यासारखे निश्चल उभे राहणे शिकाऊ माणसाला शक्य नसते. लहानपणी आपण तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ खेळतो, तेव्हा काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला हात नेतो. मागच्या चाकावरही हेच करायचे असते: वजन जिकडे कलेल तिकडे छोट्या उडीने चाक न्यायचे. ज्यांना हे माहीत नसते ते स्थिर राहण्यासाठी अंग आवळून धरतात, आणि आवळलेल्या अंगाला वेळेवर उडी मारता येत नाही.

आधी लक्षणे ओळखा

सायकलीला हात लावण्यापूर्वी मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर एखाद्या चिऱ्याला टेकवून ठेवावा आणि दहा प्रयत्न बाजूने, दहा प्रयत्न मागून चित्रित करावेत. मग कागदावर प्रत्येक प्रयत्न कसा संपला ते लिहावे. पुढचे चाक धपकन खाली आले, सायकल मागे उलटू लागली, दर वेळी एकाच बाजूला पडलो, उडी चेंडूसारखी उसळून हाताबाहेर गेली, सायकल उड्यांगणिक आपोआप मागे सरकत गेली, की दहा उड्यांतच हात भरून आले? प्रत्येक लक्षणाचे मूळ वेगळे असते. वीसपैकी चौदा वेळा पुढचे चाक खाली येत असेल, तर डाव्या-उजव्या तोलाचा सराव करून काहीही साधणार नाही.

एक पूर्वअटही आहे. दोन्ही चाके जमिनीवर ठेवून, पाय न टेकता, एका जागी अर्धा मिनिट उभे राहता येत नसेल आणि दोन्ही चाकांवर वीस उड्या सलग होत नसतील, तर पुढचे सारे वाचून ठेवावे पण सराव आधी त्याचा करावा.

जमीन: खर्च काहीच नाही

आमच्याकडच्या अंगणांना पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मागच्या चाकाला जाणवतो. एक मुलगा सुमारे दोन महिने फक्त डावीकडे पडत होता आणि घरच्यांनी त्याचा डावा पाय अधू असल्याची शंकासुद्धा घेतली होती. मी त्याला तुळशीवृंदावनाकडे तोंड करून उभे केले, मग वळवून गटाराकडे तोंड करायला लावले, आणि तो तितक्याच नियमाने उजवीकडे पडू लागला. ही चाचणी प्रत्येकाने करावी: तोंड फिरवल्यावर पडण्याची बाजू बदलली तर दोष जमिनीचा, न बदलली तर सायकलीचा किंवा शरीराचा. गोल बाटली पाण्याने भरून आडवी ठेवली की ती कोणीकडे घरंगळते यावरून उतार कळतो.

पृष्ठभागही महत्त्वाचा आहे. पर्वरी किंवा वेर्णे येथल्यासारख्या सड्यावरचा जांभा कोरडा असताना टायरला घट्ट पकडतो, पण जून ते सप्टेंबरात त्यावर शेवाळाचा थर येतो आणि जखडलेले चाक साबणासारखे निसटते. पावसाळ्यात छपराखालचे खरखरीत सिमेंट शोधावे, नाहीतर दोन्ही चाकांवरचा सराव करावा. ओल्या जांभ्यावर ही गोष्ट शिकू नये, या बाबतीत मी कोणालाही सवलत देत नाही.

टायरमधली हवा

उडी चेंडूसारखी उसळत असेल तर हवा जास्त आहे. टेकल्यावर सायकल बाजूला लचकत असेल किंवा रिमचा ठोका ऐकू येत असेल तर ती कमी आहे. साठ-पासष्ट किलोच्या माणसासाठी 26 इंची चाकावर अडीच इंच रुंदीचा टायर असेल, तर मी मागे 20 ते 22 पीएसआयपासून (हवेच्या दाबाचे माप, दुकानातले 'पौंड') सुरुवात करतो आणि एकेक पीएसआयने वर-खाली करत जागा शोधतो. पंक्चरच्या दुकानात सवयीने 40 पौंड भरून मिळतात आणि मुले तशीच सायकल घेऊन येतात. इतक्या हवेवर टायर जमिनीला चिकटून बसत नाही, आणि प्रत्येक उडीनंतर एक अनाहूत छोटी उडी होते. गाड्यांच्या हवेसाठी असलेल्या मोठ्या मापकावर 20 चा आकडा विश्वासाने वाचता येत नाही, त्यामुळे कमी दाबाचा छोटा मापक विकत घ्यावा. सायकल उन्हात उभी केली तर हवा वाढते हेही लक्षात असू द्यावे. तापमान दर दहा अंशांनी वाढले की या दाबाला साधारण एक पीएसआयची भर पडते, म्हणून हवा सरावाच्या वेळी, सावलीत तपासावी.

मागचा ब्रेक

माझ्याकडे येणाऱ्या सायकलींमध्ये सर्वांत जास्त दोष येथेच सापडतात, म्हणून येथे सावकाश थांबावे. मागच्या चाकावर उभे असताना ब्रेक हा आपल्या पायाखालची जमीन असतो. तो दोन मिलिमीटर जरी सरकला तरी शरीराला ते लगेच कळते, विश्वास जातो आणि माणूस नकळत पुढे झुकतो. पुढे झुकला की पुढचे चाक खाली येते. तेव्हा लक्षण 'पुढचे चाक टिकत नाही' असे दिसते आणि कारण मात्र मागे असते.

तपासणी अशी करावी. सायकलीच्या बाजूला उभे राहून एका बोटाने लिव्हर दाबावा आणि सायकल जोराने पुढे ढकलावी: चाक घासत गेले पाहिजे, फिरता कामा नये. मग तशीच मागे ओढावी. पुढच्या दिशेने घट्ट धरणारे अनेक ब्रेक मागच्या दिशेला सुटतात, आणि मागच्या चाकावर आपण दोन्ही दिशांना डुलत असतो. डिस्क ब्रेकमध्ये दिशा बदलताना पॅड कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) सरकून बारीक 'टक्' होते, ते चालते. पण चाक फिरलेले चालत नाही.

चाक फिरत असेल तर आधी स्वच्छता करावी. मांद्रे, हरमल अशा किनाऱ्यालगतच्या गावांतून येणाऱ्या सायकलींच्या केबल खाऱ्या हवेने आतून गंजलेल्या असतात. लिव्हर जड वाटतो म्हणून ब्रेक घट्ट आहे असा समज होतो, प्रत्यक्षात बोटाची अर्धी ताकद गंजावर खर्च होत असते. केबल आणि तिचे बाहेरचे आवरण दोन्ही बदलावे. हा खर्च फार नसतो. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चमकत असेल तर सपाट जागी बारीक सँडपेपरवर घासून तो मंद करावा. डिस्क असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. चेनवर तेलाचा फवारा मारताना त्याचे कण डिस्कवर उडतात, हे या घसरगुंडीचे एक अगदी नेहमीचे कारण आहे. एका घरी तर किंचाळणारा ब्रेक गप्प करावा म्हणून आजोबांनी प्रेमाने त्यावर खोबरेल सोडले होते. तेल प्यायलेले पॅड पुन्हा भरवशाचे होत नाहीत, ते टाकूनच द्यावे लागतात.

हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा दबत असेल आणि दोन-तीनदा भराभर दाबल्यावर कडक होत असेल, तर नळीत हवा शिरली आहे. ती काढण्याचे काम पूर्वी केलेले नसेल तर ते जाणत्या मेकॅनिककडे द्यावे. शिमानो आणि मागुरा यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, काही इतर ब्रेक डॉट द्रवावर चालतात, आणि एकाच्या जागी दुसरे भरले की आतली रबरी सीले नासतात.

ब्रेक तपासतानाच पुढचा ब्रेक धरून सायकल मागे-पुढे हलवावी आणि हँडलच्या मानेत खुळखुळ जाणवते का ते पाहावे. मागचे चाकही रिमला धरून डावी-उजवीकडे हलवावे. सैल बेअरिंग असलेल्या चाकावर एकाच बाजूला पडण्याचा दोष महिनोन्महिने जात नाही.

चेन आणि फ्रीव्हील

मागच्या चाकावर उभे असताना पुढचा पाय पेडलवर सतत हलका दाब देत असतो. पुढचे चाक खाली जाऊ लागले की ब्रेक क्षणभर सोडायचा, पेडलला एक छोटा झटका द्यायचा आणि पुन्हा ब्रेक धरायचा. त्या झटक्याने चाक आपल्या वजनाखाली पुढे येते आणि पुढची बाजू उचलली जाते. हे सगळे पापणी लवण्याच्या आत व्हावे लागते, म्हणून पेडल दाबल्याबरोबर चाकाने उत्तर दिले पाहिजे. साध्या सायकलीच्या फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे पेडल थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या भागात, पकडीच्या जागा 16 ते 20 असतात, म्हणजे चाक हलण्याआधी पेडल 18 ते 22 अंश मोकळे फिरू शकते. ट्रायल्सच्या फ्रीव्हीलमध्ये त्या 72 किंवा 108 असतात आणि मोकळीक पाच अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. साध्या सायकलीवर सराव करणाऱ्या मुलाला हा झटका का जमत नाही याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. दातांचे प्रमाणही पाहावे: 26 इंची ट्रायल्स सायकलीवर पुढे 18 आणि मागे 15, तर 20 इंचीवर 18 आणि 12 असे हलके प्रमाण प्रचलित आहे. याहून बरेच जड प्रमाण असेल तर झटका मारायला पायाला वेळ पुरत नाही.

चेन ताणली आहे का हे मोजपट्टीने कळते. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) 304.8 मिलिमीटर भरतात. त्या 307 च्या आसपास गेल्या की चेन बदलावी. मग ब्रेक घट्ट धरून पुढच्या पेडलवर हळूहळू पूर्ण वजन द्यावे. 'कट्' असा आवाज होऊन पेडल निसटले तर त्या दिवशी सायकल चालवणे तिथेच थांबवावे. उभ्या सायकलीवर पेडल निसटले की नडगी फुटते आणि छाती हँडलवर आदळते. फ्रीव्हील उघडणे हे घरी करण्याचे काम नाही.

शरीर: पैसे लागत नाहीत, महिने लागतात

हा भाग शेवटी ठेवण्याचे कारण असे की सदोष सायकलीवर शरीराची पारख करता येत नाही. वरचे सर्व निर्दोष असेल तरच आता चित्रण पुन्हा पाहावे.

बाजूने घेतलेल्या चित्रात प्रथम कोपरे पाहावीत. ती वाकलेली असतील तर दहा उड्यांत हात का भरून येतात हे लगेच कळते, कारण सायकलीचा पुढचा भार दंडाच्या स्नायूंवर लटकलेला असतो. शिवाय प्रत्येक उडीला हँडल पोटाकडे ओढले जाते आणि सायकल मागे उलटू पाहते. हात सरळ ठेवले की तोच भार हाडांवर येतो आणि स्नायू मोकळे राहतात. त्यानंतर कंबर पाहावी. मी मोबाइलच्या पडद्यावर एक दोरा ओळंब्यासारखा उभा धरतो आणि तो मागच्या चाकाच्या आसावर जुळवतो; मुलाची कंबर त्या दोऱ्यावर किंवा किंचित मागे दिसली पाहिजे. नवशिक्यांपैकी बहुतेकांची कंबर दोऱ्याच्या बरीच पुढे असते, आणि स्वतः पाहिल्याशिवाय त्यांना ते पटत नाही. शब्दांनी जे महिनाभर साधत नाही ते या दोऱ्याने पाच मिनिटांत साधते.

कंबर पुढे राहण्याचे खरे कारण बहुधा भीती असते: मागे गेलो तर पाठीवर पडू. ही भीती रास्त आहे आणि तिला उपदेशाने नव्हे तर सरावाने उत्तर द्यावे लागते. गवतावर जाऊन मुद्दाम मागे कलावे, पाय पेडलवरून सोडावेत, दोन्ही पायांवर मागे उतरावे आणि हँडल हातात ठेवावे. असे वीस वेळा केले की शरीराला उतरण्याची वाट कळते आणि कंबर आपोआप मागे जाऊ लागते. बूट सपाट तळव्याचे, पेडल सपाट, डोक्यावर हेल्मेट आणि नडग्यांवर गार्ड हे गृहीतच आहे.

यानंतर दोन-तीन चिरे भिंतीलगत, हलणार नाहीत असे रचावेत आणि पुढचे चाक त्यावर ठेवावे. ब्रेक धरून, हात सरळ करून, कंबर मागे नेत पुढचे चाक चिऱ्यावरून नुसते हलके करावे: एक इंच वर, पुन्हा खाली. येथून सुरुवात केली की चाक वर उचलण्याची धडपड वाचते आणि सगळे लक्ष तोलाच्या जागेवर राहते. ती जागा सापडली की ओळखू येते, कारण हँडल अचानक वजनरहित वाटते. मग एक उडी, मग दोन. उडी गुडघ्यांतून यावी, हातांतून नव्हे. उतरताना टायरचा एकच 'थप्' आवाज यावा. दोन आवाज आले तर गुडघे ताठ आहेत. पुढचे पेडल आडव्या रेषेत किंवा किंचित वर असावे.

नजर पुढच्या चाकावर असेल तर डोके झुकते आणि डोक्यामागून खांदेही जातात. आमच्या कुळागराच्या कडेला चार मीटरवर एक पोफळ आहे, तिच्या खोडाला मी डोळ्यांच्या उंचीवर लाल फडके बांधले आहे आणि मुलांना फक्त त्याकडे पाहायला सांगतो.

जमिनीची चाचणी करूनही एकाच बाजूला पडणे चालू असेल, तर मागून घेतलेले चित्र पाहावे. हँडल एका बाजूला वळलेले असते, किंवा मागच्या पायाचा गुडघा आत दुमडलेला असतो. थोडा कल असेल तर विरुद्ध बाजूचा गुडघा बाहेर काढून तो सावरता येतो. कल जास्त असेल तर पडण्याच्या दिशेनेच छोटी उडी मारून चाक वजनाखाली न्यावे लागते. मन विरुद्ध दिशेला ओढ घेते, म्हणून ही एक उडी वेगळी काढून, चिऱ्यांजवळ, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा वेळा घोटावी. उड्यांगणिक मागे सरकत जाणे हा मात्र दोष समजू नये. सुरुवातीला तसेच होते आणि पेडलचा झटका जमला की ते थांबते.

एका वेळी दहा मिनिटे, मधे विश्रांती, अशा तीन फेऱ्या पुरेत. दमलेले शरीर चुकीचीच सवय पक्की करते.

कोठे थांबावे

फ्रेमवर हँडलच्या मानेजवळच्या जोडाला, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांना किंवा क्रँकला (पेडलच्या दांड्याला) केसाएवढी रेघ दिसली, तर फडक्याने पुसून नखाने चाचपावी. नख अडकले तर ती रंगाची रेघ नव्हे, तडा आहे. अ‍ॅल्युमिनियमची तडकलेली फ्रेम गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जोडून पुन्हा उड्यांसाठी वापरू नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि पुढच्या वेळी तुटणे अचानक होते. हँडल किंवा ते धरणारा स्टेम वाकला असेल तर तो सरळ न करता बदलावा.

शरीराच्या बाबतीत डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा गोंधळ झाला तर वाट न पाहता 108 ला फोन करावा. हातावर पडल्यानंतर अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ एक खळगा दिसतो. तेथे दाबल्यावर दुखत असेल तर ती 'मुरगळ' म्हणून तेल चोळून सोडू नये. त्या खळग्याखालच्या छोट्या हाडाचा तडा पहिल्या एक्स-रेमध्ये कित्येकदा दिसत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी दहा-बारा दिवसांनी पुन्हा बोलावले तर दुखणे कमी झाले असले तरी जावे. वाढत्या वयाच्या मुलांच्या मनगटाची दुखापत हाडांच्या डॉक्टरांनाच दाखवावी. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी होकार दिला की पुन्हा सुरुवात करावी ती पुढचे चाक चिऱ्यांवर ठेवून, एका इंचापासून.